मल्लूमामा, आपण त्या पंपावर थांबलो नाही

मल्लूमामा,

तुमच्यात माणसाला बसवून माती देतात हे मला ऐकून माहीत होतं, पाहिलं मात्र पहिल्यांदाच. मैंदर्गीच्या रानात तुम्हाला मांडी घालून बसवलं, कपाळाला विभूती लावली, गळ्यात हार घातला. माझ्या शेजारी गौरव्वा उभी होती. तिनं पदर तोंडाशी धरला आणि हळूच म्हणाली, "बग की ताई, समोर स्टेरिंग तेवडं न्हाय." मी रडत होते ती तशीच हसले. तुमच्या थोरल्या बहिणीनं वळून माझ्याकडं पाहिलं. त्यांना वाटलं असेल, सोलापूरची पोरगी, हिला वेळकाळ कळत नाही. तुम्ही असतात तर आमच्यापेक्षा मोठ्यानं हसला असतात, हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

काल युनियनच्या ऑफिसात तुमची शोकसभा झाली. तुमचा फोटो कुठल्यातरी लग्नातला कापून मोठा केलेला. तुमच्या खांद्यावर अजून कुणाचातरी हात दिसतो, पण माणूस दिसत नाही. एका पुढाऱ्यानं भाषणात तुम्हाला "निष्ठावंत सेवक" म्हटलं. मी उठले. म्हटलं, मल्लिनाथमामा कुणाचे सेवक नव्हते. ते या युनियनचे सभासद होते आणि सभेत सगळ्यात जास्त भांडायचे, ते तुमच्याशीच. मग मागून कुणीतरी म्हणालं, "खरं हाय." शोकसभेत भांडण काढणं बरं नव्हे असं नंतर मला दोघांनी सांगितलं. तुमच्या शोकसभेत नाही काढायचं तर मग कुणाच्या काढायचं?

मी पत्रकांवर वाढले. वडील यंत्रमाग कामगारांचं काम करायचे. आमच्या घरात बसायला खुर्ची नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते, त्यावरच पाहुणे बसायचे. मी वाचायला शिकले ती "कामगार बंधूंनो" या शब्दांवर. मोठी झाल्यावर "भगिनींनो"ही लिहिलं पाहिजे म्हणून वडिलांशी भांडले आणि मग पत्रकं मीच लिहायला लागले. छापून आलेला प्रत्येक गठ्ठा तुम्ही चालवायचात त्या युनियनच्या बसमधूनच जायचा. बस उभी असली की तुम्ही दाराच्या पायरीवर बसून वरचं एक पत्रक ओढून घ्यायचात आणि चहा पीत सगळं वाचायचात. मग मला हाक.

"अव्वा, हिकडं ये." मुलीलाही अव्वा म्हणायची तुमची मैंदर्गीकडची रीत. "ही कुनासाठी लिवलीस?"

"कामगारांसाठी."

"खालच्या ओळीला येईस्तोवर मानसाचा चा थंड व्हतोय."

"मग चहा पिऊन वाचावं."

"चा पिऊन मानूस कामाला जातोय, वाचत न्हाय."

हे आपलं पहिलं भांडण. ते मिटलं नाही. माझी पत्रकं आखूड झाली, पण ती तुमच्यामुळं झाली हे मी कबूल केलं नाही. आता करते.

गौरव्वाचं पत्रक मात्र आखूडच होतं. अक्कलकोट रस्त्यावरच्या एका पेट्रोल पंपावर ती डिझेल भरायला होती. दिवसभर उभं राहायचं आणि तिथं बायकांना संडास नव्हता. पुरुष भिंतीमागं जायचे. बायकांनी पाणी पिणं सोडलं होतं. गौरव्वानं मालकाकडं संडास मागितला, मालकानं दुसऱ्या दिवशी तिला येऊ नको सांगितलं. एवढंच. यात समजावून सांगण्यासारखं काय होतं? मी चार ओळी लिहिल्या आणि खाली मोठ्या अक्षरात, "या पंपावर एक थेंबही घेऊ नका." तुम्ही पायरीवर बसून वाचलंत आणि पहिल्यांदाच मला हाक मारली नाहीत. घडी घालून खिशात ठेवलंत.

पुढं केस सोलापूरच्या लेबर कोर्टात गेली. साक्षीचा दिवस ठरला. त्या पंपावर गौरव्वाबरोबर काम केलेली आणि नंतर सोडलेली सुनंदा, तीच एक डोळ्यांनी पाहिलेली साक्षीदार. तिच्या दिराचं मालकाच्या घरी उठणंबसणं होतं. दोनदा ती येते म्हणाली आणि आली नाही. कोर्टानं तिसऱ्यांदा वेळ दिली तेव्हा आमचे वकील म्हणाले, आता ती आली नाही तर केस संपली समजा. म्हणून मी ठरवलं की एकटीला आणायचं नाही. तिच्या गल्लीतल्या आठदहा बायका मिळून, सगळ्यांनी एकाच बसमधून यायचं. बाई एकटी असली की घाबरते, बसमध्ये गाणी म्हणते. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, तुमच्या बसमध्ये पाहिलं होतं.

सकाळी मैंदर्गीहून निघालो. सुनंदा खिडकीशी, तोंड आवळून. गौरव्वा तुमच्या मागच्या सीटवर. अक्कलकोट मागं टाकलं आणि तुम्ही आरशातून माझ्याकडं पाहिलंत.

"अव्वा, डिझेल कमी हाय."

आपल्या बसचा काटा कधीचाच बंद. तुम्ही रोज सकाळी टाकीत काठी घालून बघायचात. आदल्या दिवशी बस लग्नाच्या वऱ्हाडाला गेली होती आणि त्या सकाळी आम्ही सगळ्यांनी "चला, चला" करून तुम्हाला काठी घालायला उसंत दिली नाही. तुम्ही ते कधी आमच्यावर ढकललं नाहीत. "काटी घालायचं माजं काम," म्हणालात. आणि पुढं दिसत होता तोच पंप. दुसरा त्या रस्त्याला पार वळसंगच्या बाजूला.

मी म्हटलं, "मामा, घ्या आत. आजच्या दिवस."

तुम्ही गाडी हळू केलीत. पंपावरचा पोरगा नोझल हातात घेऊन बोलावत होता. मालक प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठून उभा राहिला. त्यानं गाडी ओळखली, आत गौरव्वा बसलेली त्याला दिसली आणि तो हसला. ते हसू मला आजही दिसतं. गौरव्वा पायाखालच्या पत्र्याकडं बघत होती.

तुम्ही गियर टाकलात आणि सरळ निघून आलात.

"मामा, तुम्हाला कळतंय का? आज साक्ष आहे."

"कळतंय की. पर एक थेंबबी घेऊ नका आसं लिवलंय. मी वाचलंय."

"लिहिलंय मीच. मीच सांगते, घ्या."

"आदी छापून गावभर वाटायचं, आन् मंग तोंडी म्हनायचं घ्या. मी काय तुज्या तोंडाकडं बगून गाडी चालवतो व्हय?"

मागच्या बायका हसल्या. गौरव्वाही हसली. मला मात्र फार राग आला. थोडं पुढं गेल्यावर गाडीनं आचके दिले आणि बाभळीच्या सावलीच्या अलीकडं, उन्हात, बंद पडली. दोन्हीकडं ज्वारी, मध्ये आपण.

मोटरसायकलवरच्या एका गड्यानं वळसंगकडच्या पंपावरून कॅनमध्ये डिझेल आणून दिलं. मला वाटलं, झालं. टाकीत ओतलं की निघालो. तुम्ही सेल्फ मारलात, इंजिन नुसतं घरघरलं. पुन्हा मारलात, पुन्हा तेच. मी म्हटलं, बायका आहेत एवढ्या, धक्का मारू. बायका पदर खोचून उतरल्यासुद्धा. तुम्ही सेल्फवरून हात काढून घेतलात आणि खाली बसा म्हणून ओरडलात.

"एअर घेतलीय गाडीनं. टाकी कोरडी पडली की पाईपात हवा शिरती. आता डिझेल मागं हाय, हवा पुडं हाय. ढकलून काय व्हतंय? हवाच ढकलाल."

मी विचारलं, मग सारखा सेल्फ मारला तर ओढून नाही घेणार?

"बॅटरी मरंल. मंग हितंच ऱ्हा, ज्वारी राखाय."

तुम्ही ड्रायव्हरच्या सीटशेजारचं बॉनेट उचललंत. आत सगळं काळं, तेलकट, तापलेलं. तुम्ही फिल्टरवरचा एक बोल्ट पान्यानं थोडा ढिला केलात आणि खाली इंजिनाच्या डिझेल-पंपाला असलेलं एक बटण अंगठ्यानं दाबायला लागलात. दाबलं की सुटतं, सुटलं की पुन्हा दाबायचं. बोल्टच्या कडेनं फेस आला. दुधाला येतो तसा, बुडबुड्यांचा.

"फेस म्हंजे हवा. फेस जाऊन नुसती धार आली की बोल्ट आवळायचा. दाबता दाबता आवळायचा, सोडून न्हाय. सोडला की हवा परत आत."

आणि याच वेळी समोरून मैंदर्गीकडं जाणारी एक टमटम आली आणि थांबली. सुनंदा खाली उतरून उभीच होती. तिच्या हातात फोन होता आणि फोनवर दीर. ती म्हणाली, "ताई, मी जाते. लेकरू रडतंय म्हनं." लेकरू शाळेत गेलेलं आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. मी आयुष्यभर शब्दांवर जगलेली. पण म्हटलं असतं ते सगळं माझं आधी दोनदा म्हणून झालं होतं. तिचा एक पाय टमटमच्या पायरीवर होता.

तुम्ही बॉनेटमधून डोकं वर न काढता हाक मारलीत.

"ए सुनंदा, जरा हात दे हिकडं. माजा खांदा दुकतोय, एकट्याच्यानं व्हईना."

ती गोंधळली. "मला काय येतंय त्यातलं?"

"पंपावर नोझल धरत व्हतीस का न्हाय? मंग. अंगठा लाव हितं. निधान, निधान. घाई न्हाय करायची."

ती आली. बसमध्ये चढली, वाकली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. टमटमवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला. "येताय का न्हाय, बाई?"

तुम्ही खिडकीतून म्हणालात, "जा बाबा तू. हात अडकलाय तिचा मशिनीत."

तो गेला. सुनंदा दाबतच होती. तिच्या बांगड्या पाईपावर वाजत होत्या. मग तिचा अंगठा दुखायला लागला, मग गौरव्वानं हात घातला, मग आणखी एकीनं, मग मी. माझ्या वेळेला काही होईना. बटण दाबताना मी बोल्टकडं बघत होते आणि जीव आवळून दाबत होते. "पत्रक लिवतीस तशी दाबू नको," म्हणालात. "पुरतं दाब, पुरतं सोड." बायकांना ते इतकं आवडलं की पुढं कितीतरी महिने सभेत माझं भाषण लांबलं की कुणीतरी म्हणायचं, पुरतं दाब, पुरतं सोड.

फेस कमी झाला. मध्येच धार आली, पुन्हा फेस. तुम्ही "हं, हं" करत राहिलात. शेवटी जाड, न तुटणारी धार आली, तुमच्या हातावरून खाली सांडली. सुनंदा दाबत होती आणि तुम्ही बोल्ट आवळलात. मग इंजिनाच्या नोझलच्या पाईपांचे नट थोडे थोडे ढिले केलेत, एकीला सेल्फ जरासा मारायला लावलंत, तिथूनही हवा गेली, डिझेल थुईथुई उडालं, एकेक नट पुन्हा बसवलात. मग सगळ्यांना मागं सरायला सांगितलंत.

गाडीनं एकदा आचका दिला. पुन्हा दिला. पांढरा धूर आला आणि मग ते इंजिन सुरू झालं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही ज्वारीच्या धाटाला हात पुसलेत आणि म्हणालात, "बसा की आता. का टमटमनं येताय?"

पहिल्या पुकाऱ्याला आम्ही नव्हतोच. वकिलांनी कसंबसं दुपारचं मागून घेतलं होतं. सुनंदा साक्षीला उभी राहिली तेव्हा तिच्या हातांना, पदराला डिझेलचा वास येत होता. समोरच्या वकिलानं नाकाला रुमाल लावला. तुम्ही बाहेर गाडीत बसला होतात, म्हणून तुम्हाला हे मी सांगितलं. परत सांगते, कारण तुम्ही मला ते पुन्हा पुन्हा सांगायला लावायचात.

त्या वकिलानं विचारलं, "तुम्ही युनियनच्या गाडीतून आलात?"

"व्हय."

"गाडीत तुम्हाला काय काय शिकवलं ते कोर्टाला सांगा."

"एअर काडायला," सुनंदा म्हणाली.

जजसाहेबांनी मान खाली घातली. हसले की नाही दिसलं नाही. वकिलानं कागद चाळले. आणि मग सुनंदा जी बोलायला लागली ती थांबली नाही. गौरव्वानं काय मागितलं, मालक काय म्हणाला, कुठं उभं राहून म्हणाला. पाणी न पिता दिवस कसा काढायचा हेसुद्धा तिनं सांगितलं, जे आम्ही तिला कधी विचारलं नव्हतं. मी भिंतीशी उभी राहून ऐकत होते. माझ्या कुठल्याही पत्रकापेक्षा ते आखूड होतं.

परतीच्या वाटेवर मी तुमच्याशी भांडले. मी म्हटलं, बहिष्कार हे हत्यार आहे, देव नव्हे. गौरव्वाची केस गेली असती तर तुमच्या त्या थेंबाला काय चाटायचं होतं? तुम्ही म्हणालात, "मंग कागदावर तसं लिव. अडचन नसली तर बहिष्कार. अडचन आली तर भरा." मी म्हटलं, हा वाद नव्हे, ही टवाळी आहे. तुम्ही म्हणालात, "तो हसला ते बगितलंस?" मी म्हटलं, हसू दे. तुम्ही म्हणालात, "तू ऱ्हा की हसू दे म्हनत. गौरव्वा खाली बगत व्हती."

मी अजूनही म्हणते, थांबायला हवं होतं. अजूनही. तुमचा हात चालला म्हणून आपण तरलो, नाहीतर एका बाईची नोकरी त्या ज्वारीच्या कडेला संपली असती. पण मामा, माझ्या घरात इतकी पत्रकं छापली गेली, माझ्या वडिलांची, माझी. लोकांनी ती वाचली, त्यांत भजी बांधून घेतली, सभेत टाळ्याही वाजवल्या. पण माझ्या एका ओळीखातर कुणी रिकाम्या टाकीनं पुढं निघून गेलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवसापासून मला लिहिताना भीती वाटते. कुणीतरी हे खरं धरून गाडी पुढं काढील, अशी भीती. ही भीती तुम्ही दिलीत. ती मला फार उपयोगी पडते.

एक विचारायचं राहिलं. त्या प्रसंगानंतर थोड्याच दिवसांत तुम्ही भरलेली स्टेपनी एकट्यानं उचलून टपावर चढवताना मी पाहिलं. खांद्याचं काय झालं होतं? मी विचारायला तोंड उघडलं आणि तुम्ही "बगत काय ऱ्हायलीस, दोरी दे" म्हणालात. मग ते राहिलंच. आणि त्या दिवशी, तुम्हाला माती देऊन येताना गाडीनं परत एअर घेतली. नवा ड्रायव्हर पोरगा फोनवर मेकॅनिक शोधत होता. मी बॉनेट उचललं. मामा, एकट्याच्यानं होतं. अंगठा सुजतो, पण होतं. मी तिथंच चाकाशी बसले. तुम्ही तेव्हा हवा काढत होतात की सुनंदाला धरून ठेवत होतात, हे मला आता कधीच कळणार नाही. मला वाटतं, तुम्हाला स्वतःलाही त्यात फरक वाटत नसावा.

तर ही बातमी. निकाल लागला. तुम्हाला बसवून आलो त्याच आठवड्यात. गौरव्वाला कामावर परत घ्यायचंय. संडास बांधून झालाय, दाराला आतून कडी बसायची राहिली होती, ती बसेपर्यंत रुजू होत नाही म्हणून गौरव्वा अडून बसली होती. आज कडी बसली. बहिष्कार उठल्याचं पत्रक मला लिहायचंय आणि ते सोडून मी तुम्हाला हे इतकं लांब लिहीत बसलेय. तुमचा चहा एव्हाना थंड झाला असेल.

उद्या सकाळी गौरव्वा रुजू होते. तिला सोडायला बस जाणार, सगळ्या बायका जाणार, सुनंदासुद्धा. आत्ताच गौरव्वाचा फोन येऊन गेला. म्हणाली, "ताई, डायवरला सांगा, सोलापुरातनं टाकी भरून आनायची न्हाय. पयलं डिझेल मी भरनार, माज्या हातानं. गाडी कोरडीच येऊ दे."

मी म्हटलं, "अगं, पंपापर्यंत पोचली नाही तर? वाटेत एअर घेतली तर?"

"मंग काडू की," गौरव्वा म्हणाली.